शेवटच्या भागात सगळं फुकट परत मिळतं तेव्हा

ताई, तुमचं पत्र लांब आहे आणि रागात लिहिलेलं आहे, म्हणूनच आवडलं. इतर वाचणाऱ्यांसाठी त्यातला मजकूर आधी थोडक्यात सांगतो.

ताई ब्रह्मपुरीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांनी चार भागांची एक अद्भुत कादंबरीमालिका वाचली. नायिकेला पाणी बोलावण्याची विद्या येते, पण ती वापरली की दरवेळी तिच्या आठवणीतून एक माणूस पुसलं जातं. पहिल्या भागात बालमैत्रीण गेली, दुसऱ्यात गुरुजी गेले, तिसऱ्याच्या शेवटी आई. आई भाकर घेऊन समोर उभी आणि ही विचारते, "तुम्ही कोण?" चौथ्या भागासाठी ताई तीन वर्षं थांबल्या. तो हाती आला धान रोवण्याच्या दिवसांत. दिवसा बांधीत चिखल तुडवायचा आणि रात्री जागून वाचायचं, असं करून त्यांनी तो संपवला. त्यात अर्ध्याहून जास्त पानं लढाईच. दुसऱ्या भागात वाचकाला विचारात पाडणारा शत्रू इथं नुसता राक्षस झालेला. दोन भावांचं भांडण कुठं गेलं त्याचा पत्ता नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणात एक म्हातारा ऋषी कुठल्याशा सरोवराचं पाणी पाजतो आणि गेलेल्या सगळ्या आठवणी परत येतात. मग चार पानांत राज्याभिषेक.

ताईंचे प्रश्न तीन. मीच जास्त अपेक्षा केली का? मैत्रिणी म्हणतात, "कल्पनेतलं आहे, त्यात काहीही चालतं," ते खरं का? आणि त्या स्वतः तीन भागांची कादंबरी लिहीत आहेत, पहिला भाग झाला आहे, तर शेवट असा फसू नये म्हणून काय करावं?

मी कादंबरीकार नाही. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, नाटकं लिहितो आणि बसवतो. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, लागल्या की आमचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. पावसाळ्यात हाताला काम नसतं तेव्हा नव्या पोरापोरींची हस्तलिखितं वाचून देतो. गेल्या काही वर्षांत त्यांत मंत्र, तलवारी आणि ड्रॅगन यांची गर्दी वाढली आहे, त्यामुळं या प्रकाराशी माझी चांगली ओळख झाली. आणि शेवटाबद्दल बोलायचा हक्क मला आमच्या प्रेक्षकांनी दिला असं मी समजतो. पहाटेचे तीन-चार वाजलेले, डोक्यावर दव, मांडीवर झोपलेलं पोर, तरी बाया-माणसं उठत नाहीत. दुसरा अंक लांबला, मध्ये एखादं गाणं उगीच घुसडलं, तर ते खपवून घेतात. शेवट हातचलाखीनं उरकला तर तिथल्या तिथं ऐकवतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. तुमची अपेक्षा जास्त नव्हती, ती त्या पुस्तकानंच लावलेली होती. तुम्हाला पटत नसेल तर एक करून बघा. मधला एखादा मोठा प्रसंग मनातल्या मनात काढून टाका आणि शेवट बदलतो का ते पाहा. समजा तिसऱ्या भागात नायिका आईला विसरलीच नाही. चौथ्या भागात काय फरक पडेल? लढाई तशीच राहील, ऋषी तसाच येईल, राज्याभिषेक तसाच होईल आणि आई तिला आठवतच असेल. म्हणजे ज्या प्रसंगाला तुम्ही रडलात, तो पुस्तकात असून नसून सारखाच. ही फसवणूक आहे. लेखकानं मुद्दाम केलेली नसेल, पण आहे.

आवडतं पात्र मेलं, नायिकेनं आपल्याला हव्या त्या माणसाशी लग्न केलं नाही, म्हणून हळहळ वाटली असती तर गोष्ट वेगळी. ते दुःख, आणि दुःख झालेला वाचक वर्षभरानं पहिला भाग पुन्हा काढतो. तुम्ही लिहिलंय की आता पहिला भाग उघडायलाही मन होत नाही. मला तेवढं पुरे आहे.

आता मुख्य गोष्ट. अद्भुत मालिकेचा शेवटचा भाग बहुतेकदा एकाच कारणानं फसतो असं माझं मत आहे: आधीच्या भागांत ज्याची किंमत मोजावी लागत होती, ते शेवटी फुकट मिळतं. घाई, लांबण, सपाट शत्रू, वाऱ्यावर सोडलेली पात्रं, या तक्रारी खऱ्याच आहेत. पण खणत गेलात तर त्यांच्याही तळाशी बहुधा हेच सापडतं.

एक नाटक बसवलं होतं, लिहिलेलं दुसऱ्याचं. गावावर मांत्रिकाचा बंध आहे आणि तो तोडणाऱ्याची दृष्टी जाणार, हे पहिल्या अंकातच ठरलेलं. नायक बंध तोडतो, आंधळा होतो. इथवर मैदान चिडीचूप. पुढचा शेवट कंपनीच्या मालकानं हट्टानं घालायला लावलेला. देवी प्रकट होते, कपाळाला अंगारा लावते, डोळे परत. टाळ्या पडल्या, नाही असं नाही. नाटक सुटल्यावर सतरंजी गुंडाळत असलेली एक म्हातारी मला म्हणाली, "डोरे वापस आले तं मंग गेले कायले होते गा?"

तिला अंगाऱ्याचं वावडं नव्हतं. ती नवस बोलणारी, देवीची ओटी भरणारी बाई असणार. पण चार तास जागून तिनं जे दुःख खरं मानलं होतं, ते शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही खोटं ठरवलं, हे तिला बरोबर कळलं. पुढच्या गावापासून देवी काढली. बायको आंधळ्या नवऱ्याला हाताला धरून बांधीच्या धुऱ्यावर नेते आणि धानाची लोंबी त्याच्या बोटांनी चाचपून पाहायला लावते, एवढाच शेवट ठेवला. बाया रडल्या, पण तक्रार कुणी केली नाही. नाटकात अशी रातोरात दुरुस्ती करता येते. छापून आलेल्या चौथ्या भागात येत नाही, एवढ्यापुरता कादंबरीकार आमच्यापेक्षा दुबळा.

तुमच्या मैत्रिणींचं "काहीही चालतं" मला मुळीच मान्य नाही. उलट अद्भुत कथेतच सगळ्यात कमी चालतं. नापिकीवरच्या कादंबरीत लेखकाला नियम शिकवावे लागत नाहीत. पीक बुडालं की घरात काय काय होतं हे विदर्भातल्या वाचकाला ठाऊक असतं, आणि लेखक कुठं कमी पडला तर वाचक आपल्या अनुभवानं ती जागा भरून काढतो. पाणी बोलावलं की आठवण जाते, हे मात्र वाचकानं कुठं पाहिलेलं नसतं. लेखकानं सांगितलं म्हणून तो ते मानतो, त्याच्यावर विश्वास ठेवून तीन भाग वाचतो. लेखकच शब्द फिरवू लागला तर वाचकानं कशाचा आधार धरायचा?

याचा अर्थ शेवट कडूच हवा असा घेऊ नका. हा एक नवा रोग आहे, की दोन-चार मुख्य पात्रं मारली म्हणजे कादंबरी भारदस्त झाली. आपल्याकडच्या सुरुवातीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या, हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) किंवा रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८), गोड शेवटाच्याच. ताटातूट झालेले भेटतात, दुष्टांना शासन होतं. पण तिथं वाचकाला सुरुवातीपासून तेच कबूल केलेलं असतं, आणि तेच त्याच्या हाती पडतं.

हरवलेलं परत कसं द्यावं हे पाहायचं असेल तर दमयंतीची गोष्ट वाचा. ती आपल्याच विदर्भाची राजकन्या. महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान आहे. नळाचं सगळं जातं. राज्य जातं द्यूतात, बायकोला तो स्वतःच अरण्यात टाकून निघून जातो, आणि रूप जातं कर्कोटक नागाच्या दंशानं. शेवटी तिन्ही परत मिळतात. पण कशी ते बघा. कर्कोटक डसतो त्याच वेळी त्याला वस्त्रं देऊन सांगतो की मूळ रूप हवं असेल तेव्हा ही पांघर. जिथं रूप गेलं तिथंच ते परत येण्याची सोय सांगून ठेवली, अचानक कुणी ऋषी उगवला नाही. राज्य परत मिळवायला त्याला पुन्हा द्यूतच खेळावं लागतं. फाशांचं ज्ञान मिळतं ते ऋतुपर्ण राजाकडून, वाटेत एका बेहड्याच्या झाडापाशी, अश्वविद्येच्या बदल्यात. आणि ती अश्वविद्या दाखवायची वेळ येते ती नळ कुरूप बाहुक बनून दुसऱ्याच्या घरी सारथ्य करतो म्हणून. दमयंतीही हातावर हात ठेवून बसलेली नाही. दुसऱ्या स्वयंवराची खोटी बातमी तीच पाठवते, बाहुकानं रांधलेलं चाखून खात्री करते, मुलांना त्याच्याकडं पाठवून त्याचं काळीज तपासते. सगळं परत मिळालं, पण फुकट काहीच मिळालं नाही. म्हणून तो शेवट गोड लागतो.

आता तुमच्या मालिकेतलं सरोवर घ्या. तुम्ही लिहिता की आधीच्या तीन भागांत त्याचं नावही नाही. ते पहिल्या भागात असतं, बालमैत्रीण विसरली जाते त्याच प्रकरणात कुणी त्याबद्दल बोललं असतं, आणि ते पाणी पिणाऱ्याला पाणी बोलावण्याची विद्या कायमची सोडावी लागते असं ठरलेलं असतं, तर? मग चौथ्या भागात नायिकेपुढं खरा पेच उभा राहिला असता. आई आठवायची की कोरड्या पडलेल्या मुलखाला पाणी द्यायचं? त्या ऋषीला एक शब्दही बोलावा लागला नसता. लेखकाच्या हाताशी सगळं सामान होतं, त्यानं ते वापरलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

युद्धानं अर्धं पुस्तक खाल्लं, ही तुमची तक्रारही याच्याशीच जोडलेली आहे. लढाईत हजारो माणसं मरतात, पण त्यांना नावं नसतात, त्यामुळं वाचकाचं काही जात नाही. लेखकाला वाटतं आपण मोठं काहीतरी घडवतोय, आणि पानं भरत राहतात. खरी कसोटी युद्ध संपल्यावर लागते. महाभारताची १८ पर्वं. युद्ध आणि त्यानंतरची ती रात्रीची कत्तल दहाव्या, सौप्तिक पर्वात आटोपते. पुढं आणखी आठ पर्वं आहेत. अकराव्या, स्त्रीपर्वात गांधारी कृष्णाला शाप देते, तो ३६ व्या वर्षी मौसलपर्वात फळतो. द्रोणाला पाडण्यासाठी युधिष्ठिर अश्वत्थाम्याबद्दल अर्धवट खरं बोलतो, तेव्हाच जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. तेवढ्यावर भागत नाही. अगदी शेवटच्या स्वर्गारोहणपर्वात त्याच खोट्यापायी त्याला नरक पाहावा लागतो. धर्मराजालाही सूट नाही! आमच्याकडं श्रावणात श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' लागतो, ६४ अध्यायांचा. युद्ध संपलं म्हणून कुणी पोथी बांधून उठत नाही.

इंग्रजीत टॉल्किनला हे पक्कं कळलेलं होतं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' त्यानं एकच कादंबरी म्हणून लिहिली, खर्चाच्या कारणानं प्रकाशकानं ती १९५४-५५ मध्ये तीन खंडांत काढली. आत तिची सहा पुस्तकं पाडलेली आहेत. जी दुष्ट अंगठी नष्ट करायला सगळी मंडळी निघालेली असतात, ती नष्ट होते सहाव्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात, आणि त्यानंतर तब्बल सहा प्रकरणं शिल्लक राहतात. घरी परतलेल्या मंडळींना आपलं गाव गुंडांनी बळकावलेलं दिसतं. गाव सोडवून झाल्यावरही अंगठी वाहून नेलेल्या फ्रोडोला तिथं राहणं जमत नाही, त्याच्या जखमा भरत नाहीत. आणि अंगठी तो स्वतः टाकतही नाही. ऐन क्षणी मोह त्याच्यावर मात करतो आणि त्याच अंगठीनं झपाटलेला गॉलम ती बोटासकट तोडून घेतो. हा गॉलम तिथवर जिवंत असतो तो आधी पुन्हा पुन्हा दाखवलेल्या दयेमुळं. म्हणजे तिथंही आधी कुणीतरी काहीतरी दिलेलं आहे, त्याच्यावर शेवट उभा आहे. तुमच्या मालिकेतला चार पानांचा राज्याभिषेक याच्या शेजारी ठेवून बघा.

शत्रूचं तेच. दुसऱ्या भागात त्या माणसाचं गाव धरणाखाली गेलेलं असतं आणि तो बोलतो ते तुम्हाला पटत होतं, असं तुम्ही लिहिलंय. अशा माणसाला मारलं तर मारणाऱ्याच्या हाताला रक्त लागतं. त्याला राक्षस केलं की मारणं सोपं आणि स्वस्त. म्हणून लेखकानं त्याला राक्षस केलं. शत्रू सपाट झाला हा वरवरचा दोष. आत गेलात तर पुन्हा तीच गोष्ट, किंमत चुकवायची नव्हती.

दोन भावांच्या भांडणाबद्दल मी फार बोलणार नाही. लेखक विसरला आणि संपादकानं विचारलं नाही, झालं.

मग चांगले लेखक असं का करतात? आळस हे उत्तर सोपं आहे, पण मला ते पटत नाही. जो माणूस आई-लेकीचा तो प्रसंग लिहू शकतो तो आळशी नाही. माझा अंदाज असा की त्याला आपल्या नायिकेचा लळा लागला. हजार-दीड हजार पानं तिच्यासोबत काढल्यावर तिला असं पोरकं सोडून जायला जीव धजत नाही. वर वाचकांची पत्रं येत असतात, "तिला आई परत द्या ना." आमच्या कंपनीचा मालक आणि हे वाचक एकाच माळेचे. पत्रं लिहिणारे सांगतात ते नेहमीच त्यांना हवं असतं असं नाही. ती म्हातारी पत्र लिहीत नाही.

दुसरं कारण म्हणजे मधला भाग फुगतो. आमच्याकडंही नाटकात मागणीनुसार गाणी, नाच, विनोदी पात्राचं धुडगूस वाढत जातं आणि शेवटचा अंक आवळला जातो, कारण पहाट काही थांबत नाही. मालिकेत हे वर्षावर वर्षं चालतं. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनचा बेत मुळात तीन भागांचा होता. पहिला भाग आला १९९६ ला, पाचवा २०११ ला. बेत वाढत वाढत सातांवर गेला, आणि टीव्हीवरची मालिका २०१९ ला संपून गेली तरी सहावा भाग वाचकांच्या हाती पडला नव्हता. रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' १९९० ला सुरू झाली. २००७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या हिशेबानं एकच भाग बाकी होता. ब्रँडन सँडरसननं त्याच्या टिपणांवरून काम पुरं केलं, तेव्हा त्या एका भागाचे तीन झाले, २००९, २०१० आणि २०१३ मध्ये, एकूण १४. पण जॉर्डननं एक शहाणपण केलं होतं, शेवटचा प्रसंग आधीच लिहून ठेवला होता. लिहिणारा हात बदलला तरी कुठं पोचायचं ते ठरलेलं होतं.

हिंदीत देवकीनंदन खत्रींची 'भूतनाथ'ही त्यांच्या १९१३ मधल्या मृत्यूमुळं अर्धवट राहिली, ती मुलानं, दुर्गाप्रसाद खत्रींनी, पुरी केली. जाता जाता सांगतो, खत्रींनी काशीजवळच्या चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता, आणि तिथल्या भग्न अवशेषांत हिंडताना त्यांना 'चंद्रकांता'चं तिलिस्मी जग सुचलं असं सांगतात. तुमच्या घराभोवती जंगल कमी नाही. ड्रॅगन नाही आणलात, ते बरं केलंत.

आता तुमच्या कादंबरीकडं येतो. पत्रासोबत तुम्ही गोषवारा पाठवलाय, त्याबद्दल बोलतो. गावचा मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. पाळीखाली, तलावाच्या बांधाखाली, राखणदार. दरवर्षी तलाव भरायच्या बदल्यात तो गावातल्या एका घराचं गाणं घेऊन जातो. त्या घरच्या बायांना मग रोवणीला गाणंच सुचत नाही, बाकीच्या गातात आणि या मुक्यानं वाकून रोवत राहतात. हे फार चांगलं आहे. मला हेवा वाटला, खरं सांगतो. पहिल्या भागाच्या शेवटी नायिकेच्या घराची पाळी येते, तेही योग्य ठिकाणी थांबलंय.

पण तिसऱ्या भागाच्या शेवटी "राखणदार प्रसन्न होऊन सगळ्यांची गाणी परत करतो" असं तुम्ही लिहून ठेवलंय. ज्या लेखकावर तुम्ही चिडलात, तोच शेवट तुम्हीही बेतला आहे! गाणी परत करायचीच असतील तर पाण्याचं काय ते आधी ठरवा. गाणं देऊन पाणी मिळत होतं. गाणं परत आलं तर पाणी जाईल का? की दुसरं काही द्यावं लागेल, आणि ते कोण देईल? ज्या घराचं गाणं चाळीस वर्षांपूर्वी गेलं, त्या घरात ते गाणं ऐकलेलं कुणी जिवंत तरी आहे का? परत आलेलं गाणं ओळखणारंच कुणी नसेल तर काय होईल? यातला एक प्रश्न नीट धरलात तरी तुमचा तिसरा भाग उभा राहील.

दुसरी गोष्ट, पाणकर आजोबा. गोषवाऱ्यात ते फक्त शेवटी येतात आणि राखणदाराला कसं प्रसन्न करायचं ते सांगतात. हे तुमचे सरोवरवाले ऋषी आहेत, ताई. त्यांना पहिल्या भागात आणा. अजून छापलेलं नाही, तेव्हा हात मोकळा आहे. कुणाच्या बांधीत पाणी आधी सोडायचं हे ठरवणारा माणूस गावात सगळ्यांना माहीत असतो, त्याच्यावर रुसवेफुगवे असतात. त्याचं स्वतःचं गाणं गेलंय का? गेलं नसेल तर का गेलं नाही? माझा संशय असा की दरवर्षी कुणाचं घर द्यायचं हे राखणदार ठरवत नाही, पाणकर ठरवतो. तुमची कादंबरी आहे, मी ढवळाढवळ करत नाही. पण असं असेल तर तुम्हाला शत्रूही मिळतो आणि तो राक्षसही होत नाही.

तिसरी गोष्ट, तलाव खराखुरा ठेवा. आपल्याकडचे हे तलाव कोहळी लोकांनी बांधले, नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटलाचं नाव अजून जोडलेलं आहे. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे आपल्याकडची जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडं गेले आणि पुष्कळ ठिकाणी गाळ काढायला नि पाळ दुरुस्त करायला हक्काचा धनी उरला नाही. तुमची गोष्ट कुठल्या काळातली ते गोषवाऱ्यात नाही. मालगुजार असतानाची असेल तर राखणदाराशी करार कुणी केला हे विचारावं लागेल, गावानं की मालगुजारानं. नंतरची असेल तर करार करणाराच गेला, पण वसुली चालूच आहे, असं होईल. दोन्ही चालेल. मला दुसरं जास्त आवडेल.

एक वही करा. कुठल्या घराचं काय गेलं आणि त्याच्या बदल्यात गावाला काय मिळालं, एवढंच प्रकरणागणिक लिहीत जा. परत काय मिळालं याचा रकाना त्यात आखूच नका, आखला की तो भरावासा वाटतो. दुसऱ्या भागात मालगुजाराच्या शहरातून आलेल्या पुतण्याचं जे लांबलचक प्रेमप्रकरण बेतलंय, ते या वहीत कुठंच बसणार नाही. तेव्हा त्याचं काय करायचं ते तुम्हाला आपोआप कळेल.

आणि शेवटच्या प्रसंगानंतरची रोवणी लिहा. सगळं झाल्यावर पुढच्या आषाढात बाया बांधीत उतरतात, तेव्हा कोण गातं, कोण गात नाही, कोण आलंच नाही. दहा पानं झाली तर होऊ द्या. लढाई ठेवायचीच असेल तर तिला एक प्रकरण पुष्कळ झालं.

वाचून दाखवायला घरातली एखादी म्हातारी निवडा, जिनं असली पुस्तकं कधी पाहिली नाहीत. तुमच्या मैत्रिणी "काहीही चालतं" म्हणणाऱ्या, त्यांचा उपयोग नाही. आजीनं मध्येच "मंग तिचं काय झालं?" असं विचारलं की तिथं खूण करा. तिनं विचारलं नाही आणि सुपारी कातरत बसली, तर तिथंही करा.

चौथ्या भागाच्या लेखकाला पत्र पाठवावं का, असं तुम्ही ताजा कलम लिहून विचारलंय. पाठवा. शिव्या देऊ नका. आईचा प्रसंग किती चांगला होता ते आधी लिहा, आणि मग तो काढून टाकला तरी शेवट तसाच राहतो, हे एका वाक्यात लिहा. लेखकाला ते लागेल.

तुमच्या तिसऱ्या भागाचं शेवटचं प्रकरण मात्र आताच लिहा, दुसरा भाग सुरू करायच्या आधी. कच्चं चालेल. मला पाठवायचं असेल तर दसऱ्याच्या आत पाठवा, धान कापून मंडया लागल्या की होळीपर्यंत माझं वाचन बंद असतं. हातानं लिहिणार असाल तर कागदाच्या एकाच बाजूला लिहा आणि ओळींमध्ये जागा सोडा, मी पेन्सिलीनं खुणा करतो.